खाण दुर्घटना : सुटकेच्या वाटेवरील धोके

६ ऑगस्ट २००७ रोजी पहाटे पावणेतीनच्या सुमारास अमेरिकेच्या युटा राज्यातील क्रँडल कॅन्यन या भूमिगत कोळसा खाणीचा मोठा भाग काही सेकंदांत कोसळला. भूकंपमापन केंद्रांवर या धक्क्याची नोंद ३.९ एवढ्या तीव्रतेची झाली. खाणीच्या तोंडापासून पाच किलोमीटरहून अधिक आत काम करणारे सहा कामगार ढिगाऱ्यापलीकडे अडकले. त्यांना बाहेर काढण्यासाठी रात्रंदिवस काम सुरू झाले. दहा दिवसांनी, १६ ऑगस्टच्या संध्याकाळी, ढिगारा उपसणाऱ्या पथकावरच मार्गिकेची भिंत फुटून आदळली. तिघे बचावकर्ते मृत्युमुखी पडले आणि सहा जण जखमी झाले. मृतांमध्ये खाण सुरक्षा यंत्रणेचा एक सरकारी निरीक्षकही होता. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता, ते सहा कामगार अखेरपर्यंत सापडले नाहीत. त्यांचे मृतदेह आजही त्याच डोंगराच्या पोटात आहेत.

खाण दुर्घटनेच्या बातम्यांत सर्वांचे लक्ष साहजिकच आत अडकलेल्यांकडे असते. त्यांच्या सुटकेसाठी आत उतरणारी माणसे मात्र ज्या संकटाने अपघात घडवला, त्याच संकटाच्या तोंडात शिरत असतात, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. आगीचे बंब घेऊन येणाऱ्या जवानाला आग डोळ्यांनी दिसते. खाणीतील बचावकर्त्याला पुढच्या दहा पावलांवरचे छत टिकेल की नाही, हवा श्वास घेण्याजोगी आहे की नाही, आणि पलीकडे कोणी जिवंत आहे की नाही, यांपैकी एकही गोष्ट निश्चितपणे ठाऊक नसते. म्हणूनच आत केव्हा जायचे आणि केव्हा थांबायचे, हा निर्णय बचावकार्यातील सर्वांत अवघड भाग मानला जातो.

कोसळलेली खाण शांत झालेली नसते

भूमिगत कोळसा खाणीत थरामधून समांतर व आडव्या मार्गिका खोदल्या जातात आणि त्यांच्यामध्ये कोळशाचेच चौकोनी खांब छताला आधार म्हणून राखले जातात. या खांबांवर वरच्या संपूर्ण डोंगराचे ओझे असते. खडकाच्या एका घनमीटरचे वजन सुमारे अडीच टन धरले, तर सहाशे मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर दीड हजार टनांचा भार येतो. मार्गिकांच्या जागेवरचा भारही शेजारच्या खांबांनाच पेलावा लागत असल्याने खांबांवरील प्रत्यक्ष ओझे याहून बरेच अधिक असते.

खाणीचे आयुष्य संपत आले की राखून ठेवलेले हे खांबही मागे सरकत सरकत काढून घेतले जातात आणि रिकाम्या जागेचे छत मुद्दाम पडू दिले जाते. आपल्याकडील कोळसा खाणींत या कामाला 'डिपिलरिंग' म्हणतात आणि छत पडलेल्या मोकळ्या भागाला 'गोफ' म्हणतात. भूमिगत खाणकामातील अतिशय जोखमीच्या कामांत याची गणना होते. क्रँडल कॅन्यनमध्ये हेच चालू होते. मुख्य मार्गिकांच्या दोन्ही अंगांना पूर्वीच मोठ्या प्रमाणावर कोळसा काढून झाला होता आणि मध्ये संरक्षक म्हणून कोळशाचे रुंद पट्टे ठेवण्यात आले होते. पुढे ते पट्टेही खणण्यास घेतले गेले. मार्च २००७ मध्ये उत्तरेकडील पट्ट्यात मोठा धक्का बसून तेथील काम सोडून द्यावे लागले होते. त्यानंतर दक्षिणेकडील पट्ट्यात काम सुरू झाले आणि तेथेच ऑगस्टमधील दुर्घटना घडली.

क्षमतेपेक्षा अधिक भार आलेला कोळशाचा खांब दाबलेल्या स्प्रिंगप्रमाणे ऊर्जा साठवून ठेवतो. मर्यादा ओलांडली की तो हळूहळू न ढासळता एकदम फुटतो आणि त्याच्या कडांचा कोळसा मार्गिकेत प्रचंड वेगाने फेकला जातो. एक खांब फुटला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो आणि तेही फुटू लागतात. सारे पडून झाल्यावर खाण शांत झाली असेल, असे बाहेरच्याला वाटते. प्रत्यक्षात त्यानंतरचे काही दिवस, कधी काही आठवडे, भाराची ही फेरवाटणी चालूच असते. क्रँडल कॅन्यनमध्ये पहिल्या दुर्घटनेच्या दुसऱ्याच दिवशी बसलेल्या धक्क्याने साफ केलेली मार्गिका पुन्हा ढिगाऱ्याने भरून गेली आणि पथकाला मागे यावे लागले.

यात आणखी एक पेच आहे. मार्गिकेत साचलेला ढिगारा ही बचावकर्त्यांची वाट अडवणारी गोष्ट खरी. पण तोच ढिगारा दोन्ही बाजूंच्या जखमी खांबांना दाबून धरत असतो. तो उपसला की खांबाची बाजू उघडी पडते. म्हणजे पुढे सरकण्यासाठी जे करावे लागते, त्यानेच धोका वाढतो. क्रँडल कॅन्यनमध्ये पथकाने मार्गिकेच्या दोन्ही कडांना ओळीने हायड्रॉलिक टेकू उभे केले होते, त्यांना पोलादी दोर आणि जाळ्या बांधल्या होते. १६ ऑगस्टच्या धक्क्याने हे सारे टेकू जाळ्यांसह उखडून माणसांच्या अंगावर फेकले गेले.

न दिसणारा शत्रू : हवा

छत कोसळण्याने दगडच तेवढे खाली येतात असे नाही. खाणीतील हवा खेळती ठेवणारी व्यवस्था मोडते, हवेला वाट देणारे पडदे व भिंती पडतात आणि कोळशाच्या फटींत कोंडलेला मिथेन वायू मोकळा होतो. हवेत मिथेनचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असेल, तर एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. प्रमाण १५ टक्क्यांच्या वर असेल तर स्फोट होत नाही. पण अशा ठिकाणी घाईने ताजी हवा सोडली, तर मिथेन विरळ होत होत पुन्हा स्फोटक मर्यादेत येतो. गुदमरणाऱ्या माणसांसाठी पंखा सुरू करावा, ही सहज सुचणारी कृतीही त्यामुळे घातक ठरू शकते. हवेचे नमुने तपासल्याखेरीज खाणीतील वायुवीजनात कोणताही बदल करायचा नाही, हा दंडक त्यातूनच आला आहे.

स्फोट वा आग झाली असेल तर कार्बन मोनॉक्साइडची भर पडते. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्टपणे जोडला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी या वायूची चाहूल घेण्यासाठी लहान पक्षी वापरण्याची सूचना केली आणि पिंजऱ्यातील कॅनरी खाणकामगारांची सोबती बनली. ब्रिटनमधील खाणींत १९८६ मध्ये तिच्या जागी विद्युत उपकरणे आणण्याचा निर्णय झाला. प्राणवायूचा तुटवडा हा तिसरा धोका होय. बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. तो १६ टक्क्यांच्या खाली गेला की विचारशक्ती मंदावते आणि १० टक्क्यांच्या खाली माणूस बेशुद्ध पडून दगावू शकतो. क्रँडल कॅन्यनमध्ये वरून पाडलेल्या पहिल्या छिद्रातून घेतलेल्या हवेत प्राणवायू जेमतेम सात-आठ टक्के आढळला होता.

मदतीला धावून जाणाऱ्यांवरच दुसरा स्फोट होण्याचे प्रसंग वारंवार घडले आहेत. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील स्कोशिया खाणीत ९ मार्च १९७६ रोजी झालेल्या स्फोटात १५ कामगार गेले. दोनच दिवसांनी झालेल्या दुसऱ्या स्फोटात आत गेलेले आणखी ११ जण ठार झाले. त्यांत तीन सरकारी निरीक्षक होते. अलाबामा राज्यातील ब्रुकवूड येथे २३ सप्टेंबर २००१ रोजी प्रथम छत कोसळले, मिथेनचा स्फोट झाला आणि आतील काही जण जखमी झाले. त्यांना आणण्यासाठी सहकारी आत धावले आणि तासाभराच्या आतच दुसरा, अधिक मोठा स्फोट झाला. एकूण १३ मृतांपैकी १२ जण या दुसऱ्या स्फोटाचे बळी होते. रशियातील व्होर्कुता येथील सेव्हेर्नाया खाणीत फेब्रुवारी २०१६ मध्ये शोध चालू असताना झालेल्या स्फोटाने पाच बचावकर्त्यांचा आणि एका कामगाराचा जीव घेतला. पहिल्या संकटातून वाचलेला सहकारी आणि प्रशिक्षित पथक या दोघांसाठीही 'दुसरा स्फोट' हा खाणीतील सर्वांत क्रूर धोका ठरत आला आहे.

वरून उघडलेली वाट

आडव्या मार्गिकेतून जाणे शक्य नसेल, तर जमिनीवरून सरळ खाली छिद्र पाडणे हा दुसरा मार्ग असतो. पथकाला ढिगाऱ्याखाली जावे लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा. तथापि ही वाटही निर्धोक नसते. खाणीचे नकाशे जुने वा सदोष असतील तर छिद्र भलत्याच ठिकाणी उतरते. चिलीमधील सॅन होजे या तांबे-सोन्याच्या खाणीत ५ ऑगस्ट २०१० रोजी ३३ कामगार सुमारे ७०० मीटर खोलीवर अडकले. सुरुवातीला बचावकर्ते वायुवीजनाच्या उभ्या विवरातून खाली उतरण्याचा प्रयत्न करीत होते. पण ७ ऑगस्टला पुन्हा डोंगर खचला आणि ती वाट बंद झाली. त्यानंतर छिद्रे पाडण्यास प्रारंभ झाला. नकाशे अचूक नसल्याने काही छिद्रे चुकली आणि २२ ऑगस्टला एक छिद्र अखेर आसऱ्याच्या जागेपर्यंत पोहोचले. खोदयंत्राच्या टोकाला बांधून वर आलेल्या चिठ्ठीवरून सर्व ३३ जण जिवंत असल्याचे कळले. रुंद विवर तयार होऊन १३ ऑक्टोबर रोजी 'फेनिक्स' नावाच्या पिंजऱ्यातून त्यांना एकेक करून वर घेण्यात आले. या प्रसंगी सहा बचावकर्ते त्याच पिंजऱ्यातून खाली उतरले होते. सर्वांत आधी उतरलेला बचावकर्ता सर्वांत शेवटी वर आला. तोपर्यंत तोही खाणीत अडकलेलाच होता, असे म्हटले तरी चालेल.

जेथे पाणी भरलेले असते तेथे गणित आणखी बदलते. पेनसिल्व्हेनियातील क्यूक्रीक खाणीत २४ जुलै २००२ रोजी शेजारच्या जुन्या खाणीतील पाणी घुसून नऊ कामगार अडकले. बचावकर्त्यांनी काही तासांतच सहा इंच व्यासाचे छिद्र पाडून दाबाखालील गरम हवा आत सोडली. त्या हवेने पाणी थोपवून धरले. मात्र सुटकेचे मोठे विवर आत उघडले असते तर हा दाब निघून जाऊन पाणी उसळले असते. म्हणून आधी पंपांनी पाण्याची पातळी खाली आणावी लागली. मध्येच खोदयंत्राचे टोक तुटून विवरात अडकल्याने बरेच तास वाया गेले. तरीही २८ जुलै रोजी नऊही जण सुखरूप बाहेर आले.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील बीकन्सफील्ड सोन्याच्या खाणीत २५ एप्रिल २००६ रोजी छोट्या भूकंपाच्या धक्क्यानंतर सुमारे ९२५ मीटर खोलीवर दरड कोसळली. एक कामगार ठार झाला. दोघे जण यंत्राच्या पोलादी पिंजऱ्यात जिवंत राहिले. पाच दिवसांनी त्यांचा आवाज ऐकू आला आणि खरी कसोटी सुरू झाली. खडक विलक्षण कठीण होता आणि सुरुंग लावावेत तर त्याच्या हादऱ्याने पिंजऱ्यावरचे दगड खाली येण्याची भीती होती. अरुंद छिद्रातून नळीवाटे अन्न-पाणी पुरवत, यंत्राने आडवा बोगदा पाडून, शेवटचा टप्पा कमी शक्तीच्या स्फोटकांनी आणि हातातील अवजारांनी पार करण्यात आला. ९ मे रोजी दोघेही चालत बाहेर आले. अडकलेली माणसे जिवंत आहेत हे कळल्यावर वेग वाढवण्याचा मोह होतो. बीकन्सफील्डमध्ये उलट वेग कमी करण्यात आला आणि त्यामुळेच सुटका साधली.

पथकाची शिस्त

खाण बचाव पथक पाच-सहा जणांचे असते आणि ते नेहमी एकत्र हालचाल करते. पाठीवरील श्वसनयंत्राचे वजन सुमारे १५ किलो असते आणि त्यातील प्राणवायू साधारणतः चार तास पुरतो. हे चार तास जाण्याचे, काम करण्याचे आणि परतण्याचे मिळून असतात. त्यामुळे परतीचा हिशेब आधी करून मगच पुढचे पाऊल टाकले जाते. शुद्ध हवा असलेल्या शेवटच्या ठिकाणी ठाणे उभारले जाते. तेथे दुसरे पथक पूर्ण तयारीनिशी बसलेले असल्याशिवाय पहिले पथक पुढे जात नाही, कारण बचावकर्त्यांवरच संकट आले तर त्यांना आणणार कोण, याचे उत्तर आधी तयार असावे लागते. पथकाचा प्रमुख ठरावीक अंतरावर वायू तपासतो, छत ठोकून पाहतो, नकाशावर खुणा करतो आणि ठाण्याला निरोप देतो.

निरोपाची ही साखळीही जोखमीची असते. २ जानेवारी २००६ रोजी वेस्ट व्हर्जिनियातील सॅगो खाणीत स्फोट होऊन १३ कामगार अडकले. पथक त्यांच्यापर्यंत पोहोचले तेव्हा तोंडावर मुखवटे असलेल्या माणसांनी पाठवलेला निरोप एका ठाण्यावरून दुसऱ्यावर जाताना बदलला आणि बारा जण जिवंत असल्याची वार्ता बाहेर पसरली. चर्चमध्ये जमलेल्या कुटुंबीयांनी आनंदाश्रू ढाळले. सुमारे तीन तासांनी त्यांना सांगण्यात आले की बारा जण मरण पावले असून एकच जण वाचला आहे.

थांबण्याचीही किंमत असते

सॅगोच्या दुर्घटनेने दुसरी बाजूही समोर आणली. स्फोट सकाळी साडेसहाच्या सुमारास झाला होता. वायूंचे प्रमाण धोकादायक असल्याने पहिले पथक आत शिरेपर्यंत सुमारे ११ तास गेले. दरम्यान अडकलेल्यांनी पडदा लावून एका कोपऱ्यात आसरा घेतला होता. त्यांच्याजवळच्या श्वसनयंत्रांतून तासाभराचा प्राणवायू मिळणे अपेक्षित होते. पथकाला घाईने आत पाठवले असते तर दुसरा स्फोट झाला असता की नाही, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. या दुर्घटनेनंतर त्याच वर्षी अमेरिकेने नवा कायदा करून खाणींत अधिक श्वसनयंत्रे, दळणवळणाची साधने आणि जलद पोहोचणारी पथके बंधनकारक केली. बचावकर्त्यांनी धोका पत्करून जे तास वाचवायचे, ते तास अडकलेल्या माणसाला आधीच हाती दिलेल्या साधनांनी मिळावेत, असा त्यामागील विचार होता.

न्यूझीलंडमधील पाइक रिव्हर खाणीत १९ नोव्हेंबर २०१० रोजी स्फोट होऊन २९ जण आत राहिले. वायूंची खात्री नसल्याने पथके बाहेरच थांबवण्यात आली. नातेवाईक संतापले, आमची माणसे आत आहेत आणि तुम्ही वाट कसली पाहता, हा त्यांचा प्रश्न होता. २४ नोव्हेंबरला दुसरा मोठा स्फोट झाला. पथक त्या वेळी आत असते तर तेही गेले असते. आतील कामगार पहिल्या स्फोटातच अथवा त्यानंतर अल्पावधीत मरण पावले असावेत, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने पुढे काढला. पण पाच दिवस बाहेर थांबलेल्या पथकाला आणि नातेवाइकांना हे त्या वेळी कळण्याचा मार्ग नव्हता. असा निर्णय घेणाऱ्याला अपुऱ्या माहितीवर आणि लोकांच्या डोळ्यांदेखत तो घ्यावा लागतो.

भारतातील अनुभव

भारतात खाण सुरक्षेचे नियमन धनबाद येथील खाण सुरक्षा महासंचालनालय करते आणि १९८५च्या खाण बचाव नियमांनुसार बचाव केंद्रांची व प्रशिक्षित पथकांची व्यवस्था असते. नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ या जिल्ह्यांतील खाणी चालवणाऱ्या वेस्टर्न कोलफील्ड्स कंपनीचे असे केंद्र नागपुरात आहे.

या देशातील सर्वांत नावाजलेली सुटका पश्चिम बंगालमधील राणीगंज भागातल्या महावीर खाणीतील होय. १३ नोव्हेंबर १९८९च्या रात्री तेथे जुन्या खाणीतील पाणी घुसले आणि ७१ कामगार आत राहिले. त्यांतील सहा जण बुडाले. खाण अभियंता जसवंतसिंग गिल यांनी जमिनीवरून विवर पाडून त्यातून पोलादी पिंजरा सोडण्याची योजना मांडली आणि त्या पिंजऱ्यातून ते स्वतः खाली उतरले. १६ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत ६५ जणांना वर काढण्यात आले. गिल यांचे धाडस सर्वश्रुत आहे. मात्र अडकलेल्यांचा ठाव आधी निश्चित करणे, विवराची जागा नकाशावरून ठरवणे आणि पिंजरा तयार करून घेणे ही त्या धाडसामागील तयारी विसरता येत नाही.

उत्तराखंडमधील सिलक्यारा येथे १२ नोव्हेंबर २०२३ रोजी रस्त्याच्या बोगद्यात दरड कोसळून ४१ मजूर अडकले. ही खाण नव्हती. पण बचावकर्त्यांपुढचे प्रश्न तेच होते. ढिगाऱ्यातून यंत्राने पोलादी नळ ढकलले जात असताना १७ नोव्हेंबरला मोठा तडकण्याचा आवाज आला आणि नवीन दरडीच्या भीतीने काम थांबवावे लागले. पुढे यंत्राचे पाते लोखंडी सळ्यांत अडकून तुटले. शेवटचे काही मीटर नळाच्या आत शिरून हाताने खोदण्याचे काम अरुंद बिळांतून खणण्यात तरबेज असलेल्या १२ जणांनी केले आणि २८ नोव्हेंबरला सर्व मजूर बाहेर आले. बिळांतून कोळसा काढण्याच्या ज्या पद्धतीवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये मेघालयात बंदी घातली होती, त्याच पद्धतीचे कसब येथे कामी आले. त्या बंदीनंतरही डिसेंबर २०१८ मध्ये मेघालयातील क्सान येथे अशाच बेकायदा खाणीत पाणी शिरून १५ जण अडकले होते. नौदलाचे पाणबुडे आणि शक्तिशाली पंप आणूनही त्यांतील कोणाचाही जीव वाचू शकला नाही. खाणीचा विश्वसनीय नकाशाच नसल्याने पाणबुड्यांना गढूळ, अंधाऱ्या पाण्यात अक्षरशः चाचपडत जावे लागले.

तेलंगणातील श्रीशैलम कालव्याच्या बोगद्यात २२ फेब्रुवारी २०२५ रोजी छत कोसळून आठ जण अडकले. अनेक आठवड्यांच्या शोधानंतर दोन मृतदेह मिळाले. शेवटचा टप्पा इतका अस्थिर होता की बचावकर्त्यांच्या जिवाला असलेला धोका पाहून तेथील शोध थांबवण्यात आला. थांबण्याचा हा निर्णय कुटुंबीयांसाठी अतिशय क्लेशदायक असतो. परंतु आतील व्यक्ती जिवंत असण्याची शक्यता मावळल्यावर मृतदेहासाठी जिवंत माणसाचा जीव धोक्यात घालू नये, हे बचावकार्यातील सर्वमान्य तत्त्व आहे. जिवंत व्यक्तीसाठी पत्करावयाची जोखीम आणि मृतदेहासाठी पत्करावयाची जोखीम यांची तुलना होऊ शकत नाही.

निर्णय आधीच झालेला असतो

क्रँडल कॅन्यनमध्ये १६ ऑगस्टनंतर भूमिगत काम बंद करण्यात आले. खडकांच्या हालचालींच्या तज्ज्ञांनी परिस्थितीची पाहणी केली. पण आत सुरक्षितपणे काम करण्याचा मार्ग त्यांना दिसला नाही. वरून एकूण सात छिद्रे पाडण्यात आली. एकातूनही जिवंतपणाची खूण मिळाली नाही आणि ऑगस्टच्या अखेरीस शोध संपवण्यात आला. दुर्घटना नैसर्गिक भूकंपामुळे झाल्याचा दावा खाणमालकाने सुरुवातीपासून केला होता. भूकंपशास्त्रज्ञांच्या अभ्यासातून मात्र खाण कोसळणे हाच तो धक्का होता, असे स्पष्ट झाले. अमेरिकेच्या खाण सुरक्षा प्रशासनाने २००८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, राखलेले खांब त्यांच्यावरील भाराच्या मानाने अपुरे होते. मार्चमधील धक्क्याची गंभीर दखल घेतली गेली नाही. खाणकामाचा आराखडा मंजूर करणाऱ्या याच प्रशासनावरही पुढे टीका झाली. २०१२ मध्ये खाण चालवणाऱ्या कंपनीने दोन फौजदारी गुन्हे कबूल केले आणि तिला पाच लाख डॉलर दंड झाला.

त्या तिघा बचावकर्त्यांनी नियम मोडले नव्हते. टेकू होते, जाळ्या होत्या, अनुभव होता. तरी त्यांच्या डोक्यावर आणि दोन्ही बाजूंना असलेला डोंगर काही महिन्यांपूर्वी कागदावर चुकीचा मोजला गेला होता आणि ती चूक आता टेकूंनी भरून निघण्यासारखी नव्हती. बचावकर्त्याला किती धोका पत्करावा लागेल, हे बऱ्याच अंशी दुर्घटनेच्या आधीच ठरलेले असते. खांब किती जाड ठेवले, नकाशे खरे आहेत का, जुन्या खाणीतील पाणी कोठवर आहे याची खात्री केली का, आणि कामगाराजवळ किती तासांचा प्राणवायू आहे, यावर ते ठरते.

खाणीत उतरणाऱ्या पथकाच्या शौर्याचे कौतुक व्हायलाच हवे. परंतु ज्या खाणीत सुटकेसाठी असामान्य शौर्याची गरज भासते, त्या खाणीत त्यापूर्वी कोणाचे तरी साधे कर्तव्य राहून गेलेले असते. क्रँडल कॅन्यनचे सहा कामगार आणि त्यांना आणायला गेलेले तिघे एकाच चुकीचे बळी ठरले. दोन्ही वेळचा मृत्यू त्याच खांबांतून आला.